शाहिरांची खोली, खलनायकाचा पलंग

वडशाच्या त्या लॉजमध्ये मला बिनपंख्याची खोली मिळाली ती एका शाहिरांमुळे. हे शाहीर मी कधी पाहिले नाहीत. ते त्या खोलीत एकदाच राहिले होते, तेही माझ्या जन्माच्या आसपास केव्हातरी, आणि वाऱ्यानं गळा बसतो म्हणून त्यांनी पंखा बंद ठेवायला सांगितला होता. लॉजच्या मालकांनी पंखा बंद केला नाही, काढूनच टाकला. त्यानंतर त्या खोलीत जो कोणी उतरला, मग तो विम्याचा एजंट असो की लग्नाचा वऱ्हाडी, त्याला शाहिरांचा गळा सांभाळावा लागला.

मी चंद्रपूरचा. तेव्हा धानाच्या गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत होतो. धान घरात आलं की गिरण्या सुरू होतात आणि गिरण्या सुरू झाल्या की बिघडतात, म्हणून दिवाळीनंतरचे तीन-चार महिने माझा मुक्काम वडशाला असे. नेमका तोच नाटकांचा हंगाम. आमच्या या जंगलाच्या मुलखात, झाडीपट्टीत, गावोगाव मंडईची जत्रा भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात, पाहुणे येतात आणि त्या दिवशी रात्रभर नाटक होतं. नाटक कंपन्यांची कार्यालयं वडशात, त्यामुळे नटांचा मुक्कामही वडशात. अशा दिवसांत गावात पाय ठेवायला जागा मिळत नाही. मला ती स्टेशनच्या बाजूच्या या लॉजमध्ये मिळाली, आणि का मिळाली ते पहिल्याच रात्री डासांनी समजावून सांगितलं.

सकाळी मी तक्रार घेऊन खाली गेलो. मालकांना सगळे भाऊ म्हणत. साठीच्या पुढचे, उंच, किडकिडीत, गळ्यात सुतळी आणि सुतळीला सगळ्या खोल्यांच्या चाव्या. मी पंख्याचं बोललो. भाऊंनी भिंतीकडे पाहिलं. ते कुणाशीही बोलताना भिंतीकडेच पाहत, जणू उत्तर तिथं लिहून ठेवलेलं असावं.

"त्या खोलीत कोन झोपलं होतं, मालूम हाये का तुमाले?"

"नाही."

"मंग मालूम करून घ्या लागते ना जी."

आणि त्यांनी मला शाहिरांची हकीकत ऐकवली. शेवटी म्हणाले, "मोठा मानूस झोपून गेलेली खोली हाये. डास काय, सगळीकडेच राह्यतेत."

पुढे कळलं की मी त्यातल्या त्यात सुखी होतो. लॉज भाऊंच्या वडिलांनी अरुंद रुळांची छोटी रेल्वे होती त्या काळात बांधला आणि तेव्हापासून तिथं उतरलेल्या प्रत्येक नामांकित माणसाची सोय भाऊंनी कायमची करून ठेवली होती. एक नंबरमध्ये कुणी मंत्री राहिले होते. त्यांनी कागद वाचायला उजेड हवा म्हणून टेबल दाराशी ओढून घेतलं. टेबल अजून तिथंच होतं, त्यामुळे एक नंबरमध्ये आडवं होऊन शिरावं लागे. दोन नंबरमध्ये मुंबईची एक नटी पालीला घाबरली, म्हणून खिडक्यांना खिळे ठोकलेले. चार नंबरमध्ये हिंदी सिनेमातला एक खलनायक राहिला होता. त्याचे पाय पलंगाबाहेर जात, म्हणून पलंगाच्या पायथ्याशी एक बाक खिळ्यांनी जोडून दिलेला. खलनायक दोन रात्री राहून गेला. बाक मात्र राहिला, आणि रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाच्या नडगीवर आपटण्याचं काम त्यानं इमानेइतबारे केलं. थोडक्यात काय, त्या लॉजमध्ये खोलीबरोबर दुसऱ्याची खोडही मिळत असे, आणि ती परत करता येत नसे.

बरं, एकदा मिळालेली खोली आपली, असंही नाही. कुणी मोठा नट येतोय असं कळलं की भाऊ दार वाजवत. म्हणजे आधी आत येत आणि मग दार वाजवत. एकदा मी अर्धी दाढी करून बसलो होतो. भाऊ आले, माझी बॅग उचलली, आरसाही उचलला आणि म्हणाले, "चला, दोन नंबरात. रात्रीचा हिरो येऊन राह्यला." मी साबण लावलेला गाल घेऊन त्यांच्या मागून व्हरांड्यातून गेलो. समोरून नाटकातल्या दोन मुली येत होत्या. त्यांनी तोंडावर ओढणी धरली.

मी दुसरा लॉज का शोधला नाही, असं मला माझी बायको आजही विचारते. शोधला होता. एक हंगाम मी बाजाराच्या बाजूला एका नव्या हॉटेलात काढला. गीझर होता, टीव्ही होता, पंखाही होता. पण गिरणीतून भुशानं माखून परत आल्यावर "आलात का जी" असं विचारणारं तिथं कुणी नव्हतं. पुढच्या हंगामात मी मुकाट्यानं शाहिरांच्या खोलीत परत आलो. भाऊंनी भिंतीला सांगितलं, "मले मालूमच होतं."

सूरजागडच्या खाणीचं काम वाढलं तशी ठेकेदारांची माणसं वडशापर्यंत येऊ लागली. असाच एक मॅनेजर आला. त्याला वरचा अख्खा मजला वर्षभरासाठी हवा होता, अट एकच, प्रत्येक खोलीत एसी. भाऊंनी त्याला सगळा मजला फिरवून दाखवला. कोण कुठं झोपलं, कुणाला काय चालत नसे, सगळं सांगितलं. मॅनेजर एक नंबरमध्ये आडवा होऊन शिरला, चार नंबरमधून नडगी चोळत बाहेर आला, आणि तरीही बिचारा नम्रपणे म्हणाला, "तो एसी का क्या करेंगे?" भाऊ म्हणाले, "शाहीरजी का गला बैठ जायेगा." शाहीर जाऊन किती वर्षं झाली असतील देव जाणे. मॅनेजर गेला तो गेलाच. वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, त्यानंतर आठवडाभर भाऊंशी अबोला धरला. मी भाऊंना म्हटलं, "हातचं गिऱ्हाईक घालवलंत." ते म्हणाले, "मंग नाटकवाले कुठी झोपतीन?"

भाऊंची खरी कसोटी पहाटे असे. नाटक उजाडायच्या सुमाराला संपतं आणि नट थंडीत कुडकुडत, तोंडावर अर्धा रंग घेऊन परततात. त्यांच्या अंघोळीसाठी भाऊ परसात तीन दगडांवर पितळेचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, चढवत. त्यात हात घालून पाहत, मग वाकून पाण्याचा वास घेत. पाण्याचा कसला वास घेतात हे मला कधीच समजलं नाही. प्रत्येक बादलीचा ते वास घेत आणि "पाच मिनटं" म्हणत. ही पाच मिनिटं कधीच संपत नसत. मला आठला गिरणीवर पोचायचं असे आणि माझी बादली नेहमी शेवटची, कारण मी कुणी मोठा माणूस नव्हतो.

या पाण्यामागेही गोष्ट होतीच. वडिलांच्या काळी एक नामी नट पहाटे परत आला, दार वाजवलं, आणि वडिलांना झोप लागलेली. तो ऐन थंडीत पायरीवर बसून राहिला. सकाळी काही न बोलता सामान घेऊन गेला आणि पुन्हा त्या दारात आला नाही. भाऊ तेव्हा तरुण होते. तेव्हापासून हंगामात ते रात्री झोपत नसत.

"म्हणजे तुम्ही नाटक कधी पाहिलं?" मी विचारलं होतं.

"आपन नाई पाह्यलं बा."

"एकही?"

"मी पाह्याले गेलो तं दार कोन उघडन?"

"माणूस ठेवा एखादा."

"मानूस झोपते जी."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मला मात्र राग आला. ज्यांच्या उशा, बाक आणि खिडक्या हा माणूस जन्मभर सांभाळत होता, त्यांच्यापैकी एकालाही त्यानं रंगमंचावर पाहिलं नव्हतं.

आता मामांबद्दल सांगतो. मामा झाडीपट्टीतले विनोदी नट. सगळा मुलूख त्यांना मामाच म्हणे. आमच्याकडचं नाटक कितीही रडवणारं असो, आई मरो की बहिणीचा संसार मोडो, मधूनमधून विनोदी नट येऊन लोकांना हसवून जातो. त्याच्याशिवाय नाटकाला रंग चढत नाही. मामा पहिल्यापासून भाऊंच्याच लॉजवर उतरत. भाऊंच्या लेखी मंत्री, खलनायक, शाहीर सगळे मामांच्या खाली. "असा कलाकार होने नाई," असं ते मला दर हंगामात सांगत, आणि मामांनी विचारलं की "पाह्यलं ना तुझं नाटक, भल्लं मस्त" असं बेधडक ठोकून देत.

माझ्या पहिल्याच हंगामात आरमोरीकडच्या एका गिरणीवाल्यानं मला त्याच्या गावच्या मंडईला नेलं. नाटक सुरू झालं. थोरल्या भावानं धाकट्याला घराबाहेर काढलं, बायका पदरानं डोळे पुसू लागल्या, आणि इतक्यात मामा आले. कमरेला चाव्यांचा जुडगा. भिंतीकडे तोंड. आधी आत आले आणि मग दार वाजवलं. घराबाहेर काढलेल्या त्या धाकट्या भावाला म्हणाले, "या खोलीत कोन झोपलं होतं, मालूम हाये का तुले?"

अख्खं मैदान हसून लोळलं. मी तर इतका हसलो की गिरणीवाल्यानं मला पाणी आणून दिलं. मामांनी बादलीचा वास घेतला, "पाच मिनटं" म्हणाले, पलंगाच्या बाकाला धडकले. माझ्या सगळ्या डासांचा आणि थंड पाण्याचा सूड त्या रात्री निघाला. शेजारच्यानं सांगितलं की नाटक कुठलंही असो, गोष्ट राजाची असो की शेतकऱ्याची, लोक "लॉजवाला आना" म्हणून ओरडतात आणि मामांना लॉजवाला आणावाच लागतो. किती वर्षं? तर त्याला कळायला लागलं तेव्हापासून.

सकाळी भाऊ समोर आले आणि मला त्यांच्याकडे पाहवेना. मग हळूहळू लक्षात आलं की हे सगळ्या वडशाला ठाऊक आहे. चहावाल्याला, स्टेशनातल्या हमालांना, लॉजवर उतरणाऱ्या प्रत्येक नटाला. भाऊ बोलायला लागले की पाहुणे गालातल्या गालात हसत, आणि आपल्या आदरातिथ्यानं लोक खूश आहेत असं भाऊ समजत. वहिनींना तर आधीपासून माहीत होतं. माहेरच्या मंडईत त्यांनी पाहिलं होतं. "पोट दुखेपर्यंत हासली मी," त्या म्हणाल्या, "आन् घरी येऊन ह्यायच्या तोंडाकडे पाहून रडू आलं." कुणीच सांगितलं नाही, कारण भाऊ मानी. कळलं तर मामांना दार बंद होईल याची सगळ्यांना खात्री होती. मामांचं म्हातारपण त्या एका दारावर चाललं होतं. हंगाम संपला तरी ते तिथंच राहत. त्यांना घरदार असं दुसरं उरलं नव्हतं.

मग तो हंगाम आला. मामांचे गुडघे गेले होते. कुरखेड्याकडच्या एका गावी शंकरपटाला शेवटचा प्रयोग करून थांबायचं असं त्यांनी ठरवलं. एका दुपारी ते व्हरांड्यात येऊन बसले. मी एक नंबरमधून आडवा होऊन बाहेर निघत होतो. मामा म्हणाले, "भाऊ, या नाटकाले तुमी या लागते."

"अरे, मी तं तुझे सगळे पाह्यले."

"नाई पाह्यले तुमी. मले मालूम हाये."

भाऊंनी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "येतो."

मी मामांना बाजूला घेतलं. म्हटलं, "निदान त्या दिवशी लॉजवाला वगळा."

"त्याच्याचसाठी तं बोलावून राह्यलो," मामा म्हणाले. "जिंदगीभर त्याचं घेतलं आन् त्याच्यापासूनच लपवलं. चोर म्हणून नाई मरायचं मले."

"आणि भाऊंनी हाकललं तर?"

"तं जाईन," म्हणाले. कुठं जाणार ते मामांनी सांगितलं नाही.

मग मी भाऊंच्या मागे लागलो. थंडी आहे, रस्ता खराब आहे, जंगलातून जावं लागतं, रानडुकरं आडवी येतात. एरवी नुसतं गावातल्या बाजारात जायलाही तयार नसलेले भाऊ हट्टाला पेटले. उलट त्यांना वाटलं, मला जागायचा कंटाळा आहे. कारण दार उघडायला आणि पाणी तापवायला त्यांनी मलाच नेमलं होतं. मी इतकी वर्षं यंत्रं जोडतोय, पण भाऊंनी मला गंजाखाली लाकूड कसं सारायचं हे अख्खी संध्याकाळ शिकवलं. जाताना गळ्यातल्या चाव्या माझ्या गळ्यात घातल्या आणि तरी परत आले. "वास घेऊन पाहसान," म्हणाले. मी म्हटलं, "कसला वास?" त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी लाकडं मोजायला लागलो. वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या त्यायले. एकडाव होऊन जाऊ द्या."

उजाडता उजाडता मी परसात जाळ घालत होतो. डोळे धुरानं भरलेले, वहिनी चुलीशी चहा ठेवून बसलेल्या. भाऊ कुणाच्या तरी मोटरसायकलवरून आधी आले. गंजात हात घातला. वास घेतला.

"हे पानी हाये?"

मी चिडलो. त्यांनी दोन लाकडं सारली. वहिनी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. इतक्यात कंपनीची गाडी दाराशी आली. एकेक नट उतरला आणि चोरासारखा पाय न वाजवता आत गेला. मामा मात्र गाडीतच बसून राहिले, तोंडावरचा रंगही न पुसता. भाऊ सावकाश चालत गाडीपाशी गेले. मी आणि वहिनी मागोमाग.

"चाव्या मी गळ्यात घालतो," भाऊ म्हणाले. "तू कमरेले काऊन लावल्या?"

मामा म्हणाले, "गळ्यातल्या दुरून दिसत नाई, भाऊ. मागच्या लोकायले दिसा लागते."

"बरं. आन् मी भिंतीकडे पाहून बोलतो?"

भाऊ वहिनींकडे वळले. वहिनी म्हणाल्या, "बोलता."

"मले कोनी सांगतलं नाई."

मी खाली मान घातली. माझ्या गळ्यात त्यांच्याच चाव्या होत्या.

"इथी येनारे येतेत, झोपतेत, जातेत," भाऊ म्हणाले. "मी त्यायच्या सवयी ध्यानात ठेवत होतो. माझ्या कोन ध्यानात ठेवन, असं वाटे." मग त्यांनी गाडीचं दार उघडलं. "उतर. तुझी बादली पह्यली हाये."

मामांना उतरता येईना, गुडघ्यांमुळे आणि रडण्यामुळेही. भाऊंनी त्यांना हाताला धरून उतरवलं, बादलीपाशी नेऊन बसवलं आणि स्वतः त्यांच्या तोंडावर पाणी घालून रंग पुसला. वहिनी पदर डोळ्यांना लावून आत निघून गेल्या. या माणसावर मी इतके हंगाम वैतागलो आणि आता त्याच्याशिवाय मला ते गाव नको होतं.

जाळ विझत आला तसे भाऊ माझ्याशेजारी येऊन टेकले. मी लाकडं जास्त जाळली म्हणून आधी मला बोलणी खावी लागली. मग स्वतःहूनच म्हणाले, "लोक भल्ले हासले जी. माझ्या बाजूले एक बुढा बसला होता, त्याचा तं दम अटकला हासून हासून. मले कोपरानं ढोसून म्हने, असा मानूस खराच असन का हो?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काई नाई."

"मीच तो, एवढं तरी सांगायचं होतं."

"काऊन सांगू?" भाऊ माझ्यावर चिडूनच म्हणाले. "त्याचा शेवटचा खेळ होता जी. मी सांगतलं असतं तं लोकं माझ्याकडे पाहत बसले असते ना."